विरुद्धार्थी शब्द

औषधवाल्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती. भांडणात आवाज चढलेला चालायचा, एकमेकांची अक्कल काढलेली चालायची. पण 'विष' हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला, की औषधवाले जेवता जेवता हात थांबवायचे आणि बोलणाऱ्याकडे असे बघायचे, की त्याने आपणहून जीभ चावावी.

कारण साधंच होतं. लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण, मुंग्या आणि वाळवी संपवायची, हा त्यांचा धंदा. पाठीवर पंप, हातात नळी, आणि ओट्याखाली, कपाटांमागे, मोरीच्या कडेने फवारत जायचं. जे फवारायचं त्याच्या डब्यावर कारखान्याने कवटी छापलेली असायची आणि कवटीखाली ठसठशीत अक्षरांत तोच शब्द. पण म्हणून काय कुणाच्या दारात उभं राहून तसं सांगायचं? "घरात पोर रांगतंय आणि मी 'ते' घेऊन आलोय म्हटलं, तर बाई दार उघडेल का?" असं ते विचारायचे. म्हणून ते 'औषध' म्हणत. तसं सगळेच म्हणतात, पण औषधवाले सगळ्यांच्या एक पाऊल पुढे गेले होते. बाकीचे औषध 'मारतात'. यांना ते मारणंही खटकायचं. ते औषध 'करायचे'. आज अमक्याच्या घरी औषध करायचंय, तमक्या हॉटेलचं औषध कालच केलं, अशी त्यांची भाषा. नवा डबा आला, की कवटीवर आपला छापून घेतलेला हिरवा कागद चिकटवायचा. त्यावर 'औषध' एवढंच लिहिलेलं, आणि शेजारी एक पान. कशाचं पान ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दिसायला निरोगी वाटायचं, एवढं खरं.

त्यांचा एकुलता एक मुलगा याच भाषेत वाढला. त्याला ते कौतुकाने 'आमचे चिरंजीव' म्हणायचे, ते इतकं की पुढे सगळी गल्लीच त्याला चिरंजीव म्हणायला लागली. शाळेत असताना या चिरंजीवांना परीक्षेत 'अमृत'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. पोराने पेन्सिल चावून चावून विचार केला आणि लिहिलं, 'औषध'. शाळेतल्या बाईंनी मार्क कापला. औषधवाल्यांनी मात्र ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितली. घराचं वळण कसं असावं, याचा त्यांच्या दृष्टीने तो दाखलाच होता.

मग औषधवाल्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि पंप चिरंजीवांच्या पाठीवर गेला. पंप तोच, जुना. "अर्धं आयुष्य माझ्या पाठीवर होता, कधी कुरकुर केली नाही," असं औषधवाले त्या पंपाबद्दल बोलायचे. सूनबाई नवी नवी घरात आली, तेव्हा तिने विचारलं होतं, "यांना तोंडाला मास्क नको का?" त्यावर औषधवाले म्हणाले, "तोंड बांधून गेला तर लोकांना वाटेल, दरोडा घालायला आलाय." सगळे हसले, सूनबाईही हसली, आणि विषय हसण्यावारी गेला. थोड्याच दिवसांत तीही 'औषध करून आले का?' असं सहज विचारायला लागली.

घरात काही अडलं, की पूर्वी सूनबाई फोनवर शोधायची. औषधवाल्यांना ते शोधणं अजिबात पसंत नव्हतं. "एक प्रश्न विचारला तर दहा जण एकदम बोलतात. एक म्हणतो कर, दुसरा म्हणतो करू नको, तिसरा मधेच गाद्या विकतो. याला माहिती म्हणतात? हा तर बाजार झाला!" मग तिच्या फोनमध्ये चॅटबॉट आला, आणि तो मात्र त्यांच्या मनात भरला. तो नमस्कार करायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच उत्तर द्यायचा, तेही शुद्ध मराठीत. टाइप करायची कटकट नाही, नुसतं बोललं की झालं. औषधवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं मास्तर. "आमच्या मास्तरांसारखंच सगळं येतं याला. फक्त हा छडी मारत नाही."

त्यांनी मास्तरांची परीक्षाही घेतली होती. वाळवी आधी कुठल्या लाकडाला लागते, ढेकूण उपाशीपोटी किती तग धरतो, मुंग्या भिंतीत का शिरतात. एकूण एक उत्तर बरोबर आलं. आपल्याला येतात त्या गोष्टी याने बरोबर सांगितल्या, म्हणजे येत नाहीत त्याही बरोबरच सांगणार, असं औषधवाल्यांनी ठरवून टाकलं. शिवाय मास्तर आता आपल्याला चांगले ओळखतात, अशीही त्यांची समजूत झाली होती. प्रत्यक्षात मास्तर दर वेळी कोऱ्या पाटीने 'नमस्कार' म्हणत होते. आदल्या दिवशीची वाळवी त्यांच्या गावीही नव्हती.

एके संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. बुटांची नाडी सोडायची होती, ती सापडेना. "अंधुक दिसतंय," ते म्हणाले. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, ते बाहीने पुसत होते. पाठीवर शर्ट चिंब होता. "केवढा हा घाम!" सूनबाई म्हणाली. चिरंजीव म्हणाले, "हल्ली येतो." आणि उठून मोरीत ओकायला गेले.

सूनबाईने जेवायला वाढलं, पण स्वतः बसली नाही. "बाबा, हे औषधानेच होतंय यांना. काही दिवस बंद करू दे. डॉक्टरांना दाखवू."

"मला झालं का कधी?"

"तुमचं औषध वेगळं होतं. हे नवीन आलंय, किती जहाल आहे ते बघताय ना?"

"जहाल नाही म्हणायचं, गुणकारी म्हणायचं." औषधवाले चिडलेच होते. हातात आलेली गिऱ्हाइकं, तोंडावर आलेली कामं, आणि ही म्हणते बंद करू दे. तरी सुनेच्या डोळ्यांत पाणी आहे हे त्यांना दिसत होतं. पोरगा ताटातलं नुसतं चिवडतोय, हेही दिसत होतं. "हे बघ, वाद नको," ते म्हणाले. "आण तो फोन. मास्तर सांगतील तसं करू."

फोन ताटांच्या मधोमध ठेवला. औषधवाले घसा खाकरून, सभेत बोलावं तसे बोलले, "माझा मुलगा रोज औषध करतो. हल्ली औषध केलं की त्याला मळमळतं, घाम सुटतो, तोंडाला पाणी येतं, डोळ्यांना अंधुक दिसतं. तर औषध बंद करावं का?"

मास्तरांनी आधी काळजी समजल्याचं सांगितलं. मग विचारलं, हे औषध किती काळापासून चालू आहे?

"तो हाताशी आला तेव्हापासून. त्याआधी माझं चालू होतं."

म्हणजे कुटुंबात ही तक्रार आधीपासून आहे तर, मास्तर म्हणाले. काही विकार वडिलांकडून मुलाकडे येतात. औषधवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. "बघ, खानदानी धंदा आहे हे कसं ओळखलं!"

आणि मग मास्तरांनी उत्तर दिलं. दीर्घकाळ चालू असलेलं औषध मनाने अचानक बंद करू नये, त्याने मूळ त्रास दुपटीने उलटू शकतो. सांगितलेले त्रास काही औषधांनी सुरुवातीला होतात आणि शरीराला सवय झाली की बहुधा कमी होतात. औषध घेताना पोट भरलेलं असावं. पाणी भरपूर प्यावं. एकही वेळ चुकवू नये. त्रास वाढल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

"दुपटीने उलटतो! अगदी खरं," औषधवाल्यांनी मांडीवर थाप मारली. "मधे औषध बंद केलं की झुरळं दुप्पट होतात. याला म्हणतात ज्ञान."

"पण बाबा, 'औषध घेताना' असं का म्हणाला तो?" सूनबाईच्या कपाळाला आठी पडली होती.

"अगं, शुद्ध बोलतात ते. कामाला जाताना औषध घेऊनच जातो ना हा? मग?"

"आणि शेवटी डॉक्टरांना विचारा म्हणालाय."

"ते सगळेच म्हणतात, अंग झटकायला."

सूनबाईची आठी थोडा वेळ तशीच राहिली आणि मग गेली. तिला तरी दोष कसा द्यायचा? त्या घरात 'औषध' या शब्दाला दुसरा काही अर्थ असतो, हे तिघंही विसरून गेले होते. बाहेरच्या सगळ्या जगात ज्याने माणूस बरा होतो त्याला औषध म्हणतात, आणि मास्तर बाहेरच्या जगातले होते.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचं पथ्य सुरू झालं. चिरंजीव पोटभर खाऊन निघायचे. सूनबाई पाण्याची मोठी बाटली भरून द्यायची. औषधवाले दारापर्यंत येऊन पंपाचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळायचे. पट्टा ओला लागायचा, तो हात ते पॅंटला पुसायचे. पंपाला नळी जोडतात तिथला रबरी वायसर झिजलाय, पंप झिरपतोय आणि पोराच्या पाठीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुरतोय, हे त्यांच्यासारख्या जाणत्या माणसाला कळायला हवं होतं. पण त्या वासाला त्यांचं नाक कधीच मेलं होतं. "औषध चुकवायचं नाही हं," ते बजावायचे. एक दिवस चिरंजीव दारात थबकले. "बाबा, आज नको वाटतंय." औषधवाल्यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "सवय होईल रे. मास्तर म्हणालेत ना?" पोरगा लहानपणापासून आज्ञाधारक. गेला.

दुपारी फोन आला. कुणी अनोळखी बाई होती आणि ती बोलत नव्हती, किंचाळत होती. "तुमचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात पडलाय हो! तोंडातून फेस येतोय! हातपाय उडताहेत!"

औषधवाले आणि सूनबाई हॉस्पिटलात पोचले, तेव्हा चिरंजीव खाटेवर होते आणि त्यांच्याभोवती चार माणसं धावत होती. डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढीच असेल. तिने चिरंजीवांची पापणी वर केली, टॉर्च मारला, आणि न वळता विचारलं, "काका, यांना कुठलं औषध चालू आहे?"

"रोजचंच."

"नाव काय त्याचं?"

"आम्ही औषधच म्हणतो."

"अहो, पण कशावर? साखर? ब्लडप्रेशर? फिट्स? काहीतरी असेल ना?"

"झुरळांवर."

ती वळली. खोलीतली सगळीच माणसं वळली.

"झुरळं, मुंग्या," औषधवाले चाचरत म्हणाले. "घरोघर जाऊन औषध करतो तो."

"अहो, मग विष म्हणा ना!" डॉक्टरीणबाई ओरडली. "विष म्हणा! कात्री आणा कुणीतरी, शर्ट कापा याचा! ओला आहे तो, अजून अंगात जातंय सगळं!"

औषधवाल्यांनी खाटेची कड धरली. त्यांच्या डोळ्यांदेखत शर्ट मधोमध कापला, आणि चिरंजीवांना कुशीवर वळवलं. पट्ट्यापासून कमरेपर्यंत पाठ लालबुंद झाली होती. शर्ट भिजवणारा तो घाम नव्हता. खोलीभर वास पसरला, कुणीतरी घाईने खिडकी उघडली, नर्सने नाकाला हात लावला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो वास औषधवाल्यांनाही आला. हा वास आपल्या कपड्यांना होता, आपल्या अंथरुणाला होता, लहानपणी हा पोरगा आपल्या कुशीत झोपायचा तेव्हाही होता, हे सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं.

"डबा हवाय मला," डॉक्टरीणबाई म्हणाली. "उतारा सुरू केलाय, पण नेमकं काय आहे त्यात ते कळलं पाहिजे."

घरून निघताना सूनबाईने तेवढं भान ठेवलं होतं. तिने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईने तो फिरवून फिरवून पाहिला. 'औषध', आणि शेजारी हिरवं पान.

"हे काय आहे?"

"खाली... त्याच्या खाली आहे," औषधवाले म्हणाले.

"मग काढा तो कागद!"

कागद त्यांनीच चिकटवलेला होता, चांगला घट्ट, पुन्हा कधी निघू नये असा. ते नखांनी खरवडायला लागले. कागदाचे टवके निघत होते, नख तुटलं तरी त्यांना कळलं नाही. शेवटी सूनबाईने त्यांच्या हातातून डबा ओढून घेतला, शर्ट कापलेल्या कात्रीनेच कागद खरडला, आणि पानाखालून कवटी बाहेर आली. कवटीच्या कपाळावर हिरव्याचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. त्याखाली तो शब्द होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत हवं ते नाव. डॉक्टरीणबाईने नाव वाचलं आणि ती आत पळाली.

बाहेरच्या बाकावर सासरे आणि सून शेजारी शेजारी बसले. सुनेने आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं औषधवाल्यांना वाटत होतं. ती फोनमध्ये खाली बघत होती. एक नर्स बाहेर आली आणि आपलेपणाने म्हणाली, "घाबरू नका काका, औषध चालू आहे त्यांना." औषधवाले ताडकन उठून उभे राहिले. "काय चालू आहे?" ते ओरडले. नर्स दचकली. सूनबाईने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "खरं औषध, बाबा," ती म्हणाली. "माणसांचं."

डॉक्टरीणबाई परत आली, तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "उतारा लागू पडतोय असं दिसतंय. आत्ताच काही सांगत नाही. पण हे एका दिवसाचं नाही. आधीपासून त्रास होत असणार. तेव्हाच का नाही आणलं?"

औषधवाल्यांना एकदम आधार सापडला. त्यांनी सुनेच्या हातातला फोन घेऊन डॉक्टरीणबाईपुढे धरला. "आम्ही विचारलं होतं. यानेच सांगितलं, बंद करू नका म्हणून. बघा, वाचा! असल्यांवर बंदी आणली पाहिजे."

डॉक्टरीणबाईने उभ्या उभ्या सगळं वाचलं. एकदा वाचलं, परत वर जाऊन वाचलं. ती रागावेल, मास्तरांना चार शब्द सुनावेल, म्हणून औषधवाले वाट बघत होते.

"काका," ती म्हणाली, "फोनवरून मला कुणी एवढंच विचारलं असतं, तर मीही जवळजवळ हेच म्हटलं असतं. कुठलं औषध ते याने विचारायला हवं होतं, हे खरं. पण तुम्ही काय विचारलंय ते वाचा ना." आणि फोन त्यांच्या हातात देऊन ती निघून गेली.

औषधवाल्यांनी वाचलं. आपलेच शब्द होते. माझा मुलगा रोज औषध करतो. बाहेरच्या माणसासारखं वाचायचा त्यांनी प्रयत्न केला. कुठल्याशा आजाराने बेजार झालेला एक पोरगा, त्याची काळजी करणारा बाप, आणि त्याला धीर देणारं कुणीतरी, एवढंच त्यात दिसत होतं. झुरळाचं नाव नाही, पंपाचं नाव नाही. 'मारतो' म्हटलं असतं तरी कदाचित कुणाला शंका आली असती. तोही शब्द त्यांनीच घरातून हाकलला होता.

"बाबा, हे बघा," सूनबाई म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातल्याच फोनवर दुसरं पान उघडलं. बाकावर बसल्यापासून ती हेच करत होती. त्यांचाच प्रश्न, शब्दाला शब्द, तिने जुन्या पद्धतीने शोधला होता. पुन्हा तोच बाजार भरला होता. साखरेच्या गोळ्या, पित्ताचा काढा, कुणाचा तरी दवाखाना, चष्म्याची जाहिरात. आणि त्या गर्दीत, थोडं खाली, पाठीवर पंप घेतलेल्या माणसाचा फोटो. 'औषध फवारताना होणारी विषबाधा.' खाली लक्षणं दिली होती. तोंडाला पाणी सुटणं, घाम, मळमळ, अंधुक दिसणं.

औषधवाल्यांनी तो फोटो बोटाने मोठा केला. दहा जण एकदम बोलतात म्हणून त्यांना ज्यांचा राग यायचा, त्या दहांतला एक जण हे ओरडून सांगत होता. त्या संध्याकाळी त्यांनी त्याला बोलूच दिलं नव्हतं.

सूनबाई पाणी आणायला गेली, तेव्हा त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. शब्द जिभेवर येईना. शेवटी एखादी घाण शिवी द्यावी तसे ते हळूच म्हणाले, "माझ्या मुलाच्या पाठीवर विष सांडतंय. रोज सांडतंय."

मास्तरांनी या वेळी नमस्कार केला नाही. कपडे ताबडतोब काढा, अंग साबणाने धुवा, क्षणही न दवडता हॉस्पिटलात न्या, थांबू नका, घरी वाट बघू नका. तोच आवाज होता, तेच शुद्ध मराठी. औषधवाले फोन हातात धरून हमसून हमसून रडायला लागले. मास्तर पुन्हा विचारत होते, तुम्ही रुग्णवाहिका बोलावली आहे का?

चिरंजीवांनी धड डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. सूनबाई पायाशी होती, औषधवाले उशाशी. चिरंजीवांची नजर भिरभिरली आणि बापावर येऊन थांबली. ओठ कोरडे पडले होते, आवाज घोगरा होता.

"बाबा," ते म्हणाले, "त्या बाईंच्या घरचं औषध राहिलं."

"औषध नव्हे रे," औषधवाले म्हणाले. या वेळी ते थांबले नाहीत. "विष आहे ते. मी तुला विष दिलं. विष."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दचकून मान वळवली. सूनबाईने तोंडावर पदर धरला. चिरंजीव बापाकडे बघत विचार करू लागले, शाळेत पेन्सिल चावत बसायचे तसे.

"मग तो मार्क," ते हळूच म्हणाले, "शाळेत बाईंनी कापला ते बरोबर होतं."